एक कोळपणी, अर्धं पाणी

सलाम मंडळी. मागं दाटी आणि पुढचे तीन बाक रिकामे, म्हणजे आपण अस्सल नगरकर ख्रिस्ती, या की पुढं, मी काही दानाची थैली फिरवत नाहीये.

विषय दिलाय "उपासनेची घटती हजेरी, धीर आणि विश्वास". त्यावर बोलतोच, पण आधी एक सांगू द्या, गेलं वर्षभर मनात खुपतंय. एका मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारी संध्याकाळी साडेसहाची उपासना असायची, येणारे अकरा-बारा जण, त्यातली निम्मी सत्तरीपुढची. कमिटी बसली, लाइटबिल निघालं, पेटीवाला मिळत नाही हे निघालं, पोरं पुण्याला कंपनीत, कुणाची शिफ्ट, कुणाच्या मुलांचे रविवारी क्लास, आणि लॉकडाऊनपासून घरी मोबाइलवर उपासना बघायची सवय लागली ती लागलीच. ठराव झाला, बंद करा. मीही हात वर केला, हे इथं सांगायलाच पाहिजे. नोटीस व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली आणि विषय संपला.

आता त्या अकरात एक मावशी, फोन साधा बटणाचा. त्या आल्या, दाराला कुलूप. पायरीवर बसल्या, एक गीत म्हटलं, प्रार्थना केली, घरी गेल्या. पुढच्या रविवारी परत तेच. तिसऱ्या रविवारी मी सहज तिकडून चाललो होतो म्हणून दिसल्या. म्हटलं मावशी, उपासना बंद झाली. त्या म्हणाल्या, "मला वाटलं पाळकसाहेब आजारी असतील, त्यांच्यासाठी प्रार्थना करत होते." मंडळी, मला तिथं उभं राहवेना. आम्ही हजेरी मोजली, पण माणूस मोजायचं राहूनच गेलं.

(पाळकसाहेब घड्याळ दाखवतायत, सात मिनिटं. बरं.)

तर मूळ मुद्दा. हे आपल्याकडंच घडतंय असं नाही. ज्या अमेरिकेतून हॉल आणि नॉट हे मिशनरी १८१३ ला मुंबईत उतरले, जिथनं आपलं मिशन आलं, तिथं गॅलपच्या पाहणीत १९९९ ला ७० टक्के लोक चर्च, सिनेगॉग नाहीतर मशिदीचे सभासद होते, २०२० ला ४७. पण सुरुवातीलाही धीरच लागला होता. त्याच मिशनला मुंबईहून नगरला ठाणं मांडायला १८३१ उजाडलं, अठरा वर्षं. बंगालात मिशनरी विल्यम कॅरी १७९३ ला आला, त्याच्या कामातला पहिला बाप्तिस्मा, कृष्ण पालचा, झाला १८०० च्या डिसेंबरात. आणि आपले कवी नारायण वामन टिळक? त्यांचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आल्या पाच वर्षांनी, आपल्या मनानं आल्या.

याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात शेतकरी आहे, पहिल्या आणि शेवटच्या पावसापर्यंत धीर धरणारा. मी ते वाचतो तेव्हा मला आमचे वडील दिसतात. आपली शाळू ज्वारी परतीच्या पावसावर पेरायची, पुढं थेंब नाही पडला तरी पीक काळ्या मातीतल्या ओलीवर येतं. पण रान भेगाळलं की ओल उडून जाते, म्हणून वडील कोळपं धरायचे, भेगा बुजवायचे. एक कोळपणी, अर्धं पाणी, म्हणायचे. पाऊस त्यांच्या हातात नव्हता, कोळपं होतं. आपण मात्र धीर म्हणजे बांधावर बसून आभाळाकडं बघणं असं धरून चाललोय, आणि मग वर म्हणतो की पीक का वाळलं.

दोन मिनिटं राहिलीत, भरभर सांगतो. जो तीन रविवार दिसला नाही त्याच्या घरी जायचं, चहा प्यायचा, का आला नाहीस हे विचारायचं नाही. पुण्याला गेलेल्या पोरांना वाढदिवसाला फोन करायचा, मेसेज नको, फोन. बटणाच्या फोनवाल्यांची यादी काढायची, नोटीस त्यांच्या दारात जाऊन सांगायची. दोघं-तिघं जमले तरी मी त्यांच्यात आहे असं प्रभूनं म्हटलंय, त्यानं कोरम कुठं सांगितलाय? तेव्हा अकरा म्हणजे भरपूर.

बरं, थांबतो. त्या दाराची किल्ली मी कमिटीकडून मागून घेतलीय. येत्या रविवारी साडेसहाला उघडतोय, मावशींना सांगून आलोय. पेटी वाजवणारं कुणी असेल तर प्रार्थनेनंतर मला भेटा.