आधी उजेड, मग काळा रंग

[दृश्य: बीकर, फिरतं पातं]

वीज वाहणारा, छिद्राछिद्रांचा ठोकळा बनवायचा आहे. बीकरमध्ये एक भाग तेल आहे, त्यात थेंबाथेंबाने चार भाग पाणी पडतंय. तेल म्हणजे साखळ्या बनवणारं टू-इथाइलहेक्झाइल अ‍ॅक्रिलेट, साखळ्यांना गाठी मारणारं ट्रायअ‍ॅक्रिलेट, तेल-पाणी एकत्र धरणारा सर्फॅक्टंट आणि उजेड पडताच विक्रिया सुरू करणारा फोटोइनिशिएटर. पाणी 74 टक्क्यांच्या पुढे गेलं की पाण्याचे थेंब एकमेकांना चेपू लागतात आणि मिश्रण चक्क्यासारखं घट्ट होतं. घाईने पाणी ओतलं तर हे तेल-पाण्याचं मिश्रण, म्हणजे इमल्शन, उलटतं: पाण्यात तेलाचे थेंब होतात. मग ते टाकूनच द्यायचं.

[दृश्य: जांभळा उजेड, साचा]

365 नॅनोमीटरचा एलईडी. त्याच्या उजेडाने तेल घट्ट होऊन सांगाडा बनतो. ओव्हनमध्ये याच कामाला कित्येक तास जातात, आणि तेवढ्यात इमल्शन फुटायची धास्ती असते. उजेड मात्र थेंब हलायच्या आत सांगाडा पकडून ठेवतो. अडचण एवढीच की पांढऱ्या मिश्रणात तो विखुरतो आणि काही मिलिमीटरच्या खाली पोचत नाही. म्हणून साचा उथळ, दोन्ही बाजूंना काच. एक बाजू झाली की उलटायचा. काच नसली तर हवेतला ऑक्सिजन वरचा थर चिकट ठेवतो.

वीजवाहक पदार्थ सुरुवातीलाच का घालत नाहीत? तो काळा. सगळा उजेड वरच्या पापुद्र्यातच गिळून टाकतो, खालचं कच्चंच राहतं.

ठोकळा इथेनॉलने धुऊन सुकवायचा. पाण्याच्या थेंबांच्या जागी छिद्रं उरतात. ट्रायअ‍ॅक्रिलेट कमी पडलं असेल तर तो इथेच आकसतो.

[दृश्य: खिडकीबाहेर पणजीचा पाऊस, वजनकाटा]

आता ठोकळा भिजवायचा फेरिक क्लोराईड या लोहक्षारात, तेही इथेनॉलमध्ये, कारण या तेलकट छिद्रांत पाणी शिरत नाही. गोव्याच्या पावसाळ्यात बाटली उघडी राहिली की या क्षाराला पाणी सुटतं आणि वजन चुकतं. भरभर तोलायचं, झाकण लगेच लावायचं. भिजलेला ठोकळा मात्र सावकाश सुकवायचा. घाई केली तर क्षार पृष्ठभागाकडे ओढला जातो आणि गाभा रिकामा राहतो.

[दृश्य: बंद बरणी, ठोकळा काळा होताना]

बरणीच्या तळाशी नुकतंच ऊर्ध्वपातन केलेलं पायरोल. तपकिरी झालेलं चालत नाही. त्याची वाफ छिद्रांतून आत जाते, लोहक्षाराशी गाठ पडते आणि तो काळा वीजवाहक पदार्थ, पॉलिपायरोल, तयार होतो. पिवळट, हिरवट, मग काळाकुट्ट.

[दृश्य: ब्लेडने कापलेला ठोकळा]

कापून बघायचंच. मधे फिकट डाग दिसला तर सुकवण्यात घाई झालेली असते.

[दृश्य: मल्टिमीटर]

इथेनॉल रंगहीन निघेपर्यंत धुवायचं, सुकवायचं, मग एक पिन या तोंडाला, दुसरी समोरच्या. ठोकळा दाबला की त्याचा विजेला होणारा रोध उतरतो. दाब मोजणाऱ्या सेन्सरांना नेमकं हेच लागतं.