रानपिंगळ्याचं झाड

स्क्रीनवर हे अर्धं वाळलेलं सागाचं झाड दिसतंय ना, त्याच्या वरच्या फांदीवर नीट बघा. सकाळचं ऊन चांगलं वर आलंय आणि हा पठ्ठ्या उघड्यावर बसून शेपटी डावी-उजवी झटकतोय. घुबड म्हणजे रात्रीचा पक्षी असंच आपण लहानपणापासून ऐकलंय, पण रानपिंगळा दिवसाढवळ्या शिकार करतो. उंची जेमतेम वीतभर. आपल्या गावात वडा-पिंपळावर दिसतो तो साधा पिंगळा, त्याच्या डोक्यावर तांदूळ सांडल्यासारखे पांढरे ठिपके असतात, याचं डोकं मात्र जवळपास कोरं, छाती तपकिरी आणि पोट पांढरंशुभ्र.

हा पक्षी जगातून संपला असं लोक शंभर वर्षं धरून चालले होते. १८८४ मध्ये जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या खान्देशातून याचे नमुने गोळा केले, आणि त्यानंतर काहीच नाही. मध्ये माइनर्ट्झहागेन नावाच्या एका इंग्रजाने १९१४ चा गुजरातमधला नमुना म्हणून एक पक्षी दाखवला आणि शोधणारे तिकडे शोधत राहिले. पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन बाईंनी तो नमुना बारकाईने तपासला तेव्हा कळलं की तो डेव्हिडसननेच गोळा केलेला, पुढे चोरलेला आणि पुन्हा पेंढा भरून वेगळा म्हणून दाखवलेला पक्षी आहे. मग त्या खऱ्या जागांवर शोधत निघाल्या, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये, ११३ वर्षांनी, आपल्या शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा समोर बसलेला दिसला. शहाद्याचं नाव जगभरच्या पक्षीअभ्यासकांना माहीत झालं ते यामुळे, आणि आपल्याकडे अजून कितीतरी जणांना हे माहीतच नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

तो मेला नव्हता, त्याचं घर कमी होत गेलं होतं. त्याला लागतं साग, ऐन, मोह असं विरळ पानझडीचं जंगल, खाली सरडे-उंदीर दिसतील अशी मोकळी जमीन आणि घरट्यासाठी जुन्या झाडातली ढोली. ही ढोली तो स्वतः कोरत नाही, दुसऱ्याने केलेली किंवा आपोआप झालेली शोधतो. आता ढोली धरायला झाड किती जुनं व्हावं लागतं विचार करा, आणि जंगलात पहिली कुऱ्हाड पडते ती वाळलेल्या, पोकळ झाडावरच, कारण ते 'काही कामाचं नाही'. सागाची चोरटी तोड झाली, पायथ्याची जमीन नांगराखाली गेली, उन्हाळ्यात मोहाची फुलं सहज वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात तो वणवा भडकून डोंगरभर पसरतो, पोरांच्या हातात गलोल असतेच, वरून घुबड म्हणजे अपशकुन. नर्मदेवर धरण झालं तेव्हा आपल्याकडची ३३ गावं बुडिताखाली आली, त्यातल्या कितीतरी कुटुंबांना वसवायला तळोद्याकडचं हजारो हेक्टर जंगल मोकळं केलं गेलं. त्या माणसांना दोष देऊ नका, त्यांचं स्वतःचंच घर पाण्यात गेलं होतं. एकाचं घर बुडालं की त्याचा धक्का कुठपर्यंत पोचतो हे इथे दिसतं.

आता तापी ओलांडून जरा साक्री तालुक्यात या, गुजरातच्या हद्दीला लागून बारीपाडा नावाचा कोकणा आदिवासींचा छोटा पाडा आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला इथला डोंगर बोडका होता आणि बायका पाण्यासाठी लांब लांब पायपीट करत होत्या. चैत्राम पवार हे गावातलेच, एम.कॉम. झालेले, नोकरीच्या मागे न जाता गावातच राहिले. गावाने बसून ठरवलं: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, तोडणाऱ्याला दंड, आणि राखण गावातल्याच माणसांनी करायची. जोडीला श्रमदानातून चर खोदले, दगडी बांध घातले. डोंगर राखला तर पावसाचं पाणी तिथेच थांबतं, पाचोळ्यात मुरतं, मग खाली विहिरीला येतं, एवढं साधं गणित आहे, पण ते अंगवळणी पडायला वर्षं लागली. आज तिथे जवळपास ११०० एकर जंगल उभं आहे आणि गावाला उन्हाळ्यातही पाणी आहे. २००४ पासून गावात वनभाज्यांची स्पर्धा भरते, बायका जंगलातून आणलेल्या भाज्या रांधून पानावर मांडतात, बघायला लांबून लोक येतात. पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. मला यात सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती ही की बारीपाड्याने पाण्यासाठी सुरुवात केली आणि पाण्यामागोमाग झाड, भाजी, पाखरं सगळंच आलं, कोणालाही गाव सोडून जायला सांगावं लागलं नाही.

सातपुड्यातही हेच करता येईल. मोहाखाली आग लावण्याऐवजी झाडून जागा साफ केली किंवा खाली जाळी अंथरली तरी फुलं वेचता येतात. वाळलेलं, ढोलीचं झाड सरपणाला न तोडता तसंच उभं ठेवायला तर एक पैसाही लागत नाही. २०१८ मध्ये रानपिंगळ्याला 'अतिसंकटग्रस्त' मधून एक पायरी कमी धोक्याच्या 'संकटग्रस्त' यादीत आणलं, कारण मेळघाट, खंडवा, आपलं यावल अशा नवनवीन जागी तो सापडत गेला.

चला, परत त्या झाडाकडे. फेब्रुवारी आहे, मादी ढोलीत अंड्यांवर बसली असेल. नर आला बघा, चोचीत सरडा आहे, शेपूट अजून वळवळतंय. ढोलीच्या तोंडाशी मादीचं डोकं दिसलं, सरडा घेतला, आत गेली. तो फांदीवर परत बसला, शेपटी झटकली आणि खालच्या पाचोळ्याकडे बघायला लागला.