रथ, अंतराळयान आणि 1964 ची इंपाला

मंडळी, गँगस्टा रॅप म्हटलं की बंदुका, शिव्या आणि सोन्याच्या जाडजूड साखळ्या डोळ्यांसमोर येतात. अमेरिकन रॅपर आणि संगीत-निर्माता डॉ. ड्रे याच्या ‘द क्रॉनिक’ या अल्बममध्येही शिव्या ढिगानं आहेत. पण तसले अल्बम त्या काळात पैशाला पासरी होते. 15 डिसेंबर 1992 ला आलेला हा अल्बम आजही लोक गाडीत लावतात तो त्याच्या संगीतासाठी, असं माझं मत आहे. म्हणून आज शब्दांबद्दल कमी बोलणार आहे. आणि रॅपला लगेच पोवाड्याच्या पंगतीला बसवायची आपल्याला जी हौस आहे, तीही आज जरा बाजूला ठेवू.

ड्रे तोवर नवखा राहिला नव्हता. लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनच्या एन.डब्ल्यू.ए. या रॅप गटाचं संगीत त्याच्याच हातचं. 1988 च्या त्यांच्या अल्बममध्ये ड्रम अंगावर धावून येतात, सगळा मामला घाईचा आणि संतापाचा. त्यातल्या पोलिसांवरच्या गाण्याबद्दल 1989 मध्ये एफबीआयच्या एका अधिकाऱ्यानं रेकॉर्ड कंपनीला चक्क पत्र लिहिलं होतं. पुढे पैशांवरून बिनसलं, ड्रे बाहेर पडला आणि शुग नाइटबरोबर त्यानं ‘डेथ रो’ ही रेकॉर्ड कंपनी उभी केली. आता त्यानं काय करावं? लय उतरवली. आरामात, मागे रेलून ऐकावं अशी.

त्या वेळी रॅपचे बहुतेक निर्माते जुन्या रेकॉर्डचा तुकडा उचलून तसाच वापरत. ड्रेनं बऱ्याच ठिकाणी वादक बोलावले आणि जुनी सुरावट नव्यानं वाजवून घेतली. कॉलिन वुल्फचा बेस मुद्दाम ऐका. यात पैशांचं गणितही आहे. मूळ ध्वनिमुद्रण वापरलं तर त्याच्या मालकाला पैसे द्यायचे आणि गीत-संगीताच्या हक्कांचे वेगळे. पुन्हा वाजवून घेतलं तर फक्त दुसरे. शिवाय डिसेंबर 1991 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयानं बिझ मार्की या रॅपरच्या विरोधात निकाल दिला होता, त्यामुळे न विचारता तुकडा उचलणं महागात पडू लागलं होतं. पण कानाला मिळालं ते असं : रेकॉर्डची खरखर गेली, बेस गोल आणि स्वच्छ झाला, आणि त्यावर सिंथेसायझरची एक बारीक, लांबत जाणारी शीळ आली. पुढची काही वर्षं ही शीळ म्हणजेच लॉस एंजेलिस, असं समीकरण होऊन बसलं.

आता ‘लेट मी राइड’. काळ्या अमेरिकनांच्या चर्चमध्ये एक जुनं भजन गातात : रथा, खाली ये, थांब, मला घेऊन चल. 1975 मध्ये जॉर्ज क्लिंटनच्या ‘पार्लमेंट’ या फंक बँडनं हीच आळवणी उचलली, पण रथाऐवजी अंतराळयान आणलं, पुढे कार्यक्रमांत खरोखरच एक यान रंगमंचावर उतरायचं. ड्रेनं तीच ओळ घेतली आणि तिथे 1964 ची शेव्हरले इंपाला उभी केली, हायड्रॉलिक्सवर उड्या मारणारी. न्यायला वरून कुणी येणार नाही, गाडी आपली आपणच हाकायची, आणि सोबत बंदूक. कोरसमध्ये मात्र भजन अजून जिवंत आहे. तीन पिढ्यांची आस एका कोरसमध्ये मावते, हे मला या अल्बमचं सगळ्यात मोठं काम वाटतं. 1994 मध्ये याच गाण्याला ग्रॅमी मिळालं.

रॉडनी किंग या काळ्या माणसाला मारहाण करणारे पोलीस एप्रिल 1992 मध्ये सुटले आणि लॉस एंजेलिस पेटलं. त्या दंगलीतले आवाजही अल्बममध्ये आहेत. पण राजकारण इथे येतं आणि जातं. पार्टी सुरूच राहते. अल्बमभर ड्रेसोबत गाणारा रॅपर स्नूप डॉग तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांचा, आणि त्याचा तो झोपाळू, गोड आवाज इतका सर्वत्र आहे की अल्बम नक्की कुणाचा, असा प्रश्न पडावा.

हा गोडवाच मला खटकतो. अल्बमच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्याच्या व्हिडिओत व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलीचं वस्त्र ओढलं जातं आणि सगळे हसतात. बायकांबद्दलची भाषा त्याच तोलाची. आणि हे नुसतं गाण्यापुरतं नव्हतं : जानेवारी 1991 मध्ये ड्रेनं टीव्हीवरच्या एका निवेदिकेला एका पार्टीत मारहाण केली होती. आपण दुखावलेल्या स्त्रियांची जाहीर माफी मागायला त्याला 2015 साल उजाडलं. ‘तो काळच तसा होता’ म्हणून यावर पांघरूण घालायला मी तयार नाही. एन.डब्ल्यू.ए.च्या गोंगाटात शिवी टोचायची तरी. इथे ती बेसवरून अलगद घसरत कानात जाते आणि आपण मान डोलवत राहतो. मीही डोलवतो.

2020 मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांत या अल्बमची नोंद केली. 2022 च्या सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या मध्यंतरात, कॉम्प्टनपासून जवळच असलेल्या इंगलवूडच्या स्टेडियममध्ये, ड्रे आणि स्नूप एकत्र उभे राहिले.

आता ‘लेट मी राइड’ लावतो. पहिल्यांदा शब्दांकडे लक्ष देऊ नका, नुसता बेस धरा. दुसऱ्यांदा लावेन तेव्हा कोरस ऐका. त्यानंतर पार्लमेंटचं मूळ गाणं लावतो, मग भांडायचं ते भांडू.