शेजारच्या सीटवरचे माणूस

सभाध्यक्ष, वाचनालयाचे पदाधिकारी आणि रविवारची दुपारची झोप मोडून आलेल्या रसिकहो, निमंत्रणपत्रिकेत माझा विषय ‘जुन्या गाड्या आणि त्यांचे मालक: लघुपट पकड कशी घेतो’ असा छापला आहे आणि त्याखाली ध्वनी, चित्रण, संकलन व शेवट असे चार मुद्दे दिले आहेत. ते मी घेणार आहे. परंतु त्याआधी बरीच वर्षे मनात घोळणारी एक गोष्ट सांगू द्या, नाहीतर ते चार मुद्दे कॅमेऱ्याच्या दुकानातल्या माहितीपत्रकासारखे वाटतील. माझे म्हणणे असे, की अशा लघुपटात गाडीचा मालक हा सर्वांत कमी भरवशाचा साक्षीदार असतो, आणि सांगण्याजोगे जे असते ते बहुधा त्याच्या शेजारच्या सीटवर बसलेल्या माणसाला ठाऊक असते.

मालक खोटे बोलतो असे मी म्हणत नाही. त्याने आपल्या गाडीची कथा पाहुण्यांना, रॅलीतल्या लोकांना आणि सिग्नलला थांबलेल्या अनोळखी माणसांना इतक्यांदा सांगितलेली असते, की ती आता पाठ झालेली असते. फियाटवाला १०८९ सीसी, चार सिलिंडर आणि कुर्ल्याचा कारखाना सांगतो. अँबॅसिडरवाला उत्तरपाड्याचा कारखाना, मॉरिस ऑक्सफर्डशी असलेले नाते आणि २०१४ साली थांबलेले उत्पादन सांगतो. हे सगळे खरे असते. पण गाडी समोर नसतानाही जे सांगता येते, त्यासाठी गाडीसमोर कॅमेरा कशाला लावायचा?

आमच्या बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका काकांकडे १९५५ची फियाट आहे, त्यांच्या वडिलांनी नवी घेतलेली. पुढची दारे उलटी उघडणारी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर असलेली ही गाडी, जिला आपण सगळे ‘डुक्कर फियाट’ म्हणतो. (काकूंसमोर म्हणू नये.) तिच्यावर लघुपट करायचा म्हणून मी एका विद्यार्थ्याला कॅमेरा देऊन सोबत नेले. पहिल्या सकाळी काकांनी गाडी धुऊन पुसून अंगणात उभी केली होती आणि स्वतः लग्नातला कोट चढवून मडगार्डवर हात ठेवून उभे होते. त्यांनी सव्वा तास माहिती दिली. त्यातले अकरा सेकंद माझ्या लघुपटात उरले आहेत, तेही कोटाचे बटण तुटून गडगडत गाडीखाली जाते म्हणून.

दुसऱ्या दिवशी आम्ही जांबोटी रस्त्याने निघालो. काका चालवत होते, काकू शेजारी होत्या, आम्ही दोघे मागे, आणि महिना मे होता. किणयेच्या पुढच्या चढावर गाडीने दोन आचके दिले आणि ती उभी राहिली. ज्यांनी जुनी फियाट चालवली आहे त्यांना कारण सांगायला नको. इतरांसाठी सांगतो, की इंजिनाला चिकटून बसलेला पेट्रोलचा पंप, ज्याला मिस्त्री लोक एसी पंप म्हणतात, उन्हाळ्याच्या चढावर इतका तापतो की नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. पंप ती वाफच ओढत राहतो आणि कार्बोरेटर कोरडा पडतो. काका उतरले, बोनेट उघडले आणि आमच्याकडे वळून पंपाच्या रचनेवर बोलू लागले. परंतु पहिला आचका बसला तेव्हाच, गाडी अजून चालत असतानाच, काकूंनी पायाशी ठेवलेल्या पिशवीतून एक टॉवेल काढून बाटलीतल्या पाण्याने भिजवायला घेतला होता. त्या उतरल्या, काकांना कोपराने बाजूला सारून त्यांनी तो टॉवेल पंपावर गुंडाळला, उरलेले पाणी वरून ओतले आणि काजूच्या झाडाच्या सावलीत जाऊन उभ्या राहिल्या. मी विचारले, हा टॉवेल पिशवीत केव्हापासून असतो? ‘लग्न झाल्यापासून असतोय की. आधी आईंच्या पिशवीत असायचा,’ त्या म्हणाल्या. आई म्हणजे त्यांच्या सासूबाई.

हे घडत असताना आमचा विद्यार्थी कॅमेऱ्याची बॅटरी बदलत होता. मी काकूंना विनंती केली, की आणखी एकदा करून दाखवाल का? ‘आता कशाला? सुरू झाली की गाडी,’ एवढे बोलून त्या सीटवर जाऊन बसल्या. सुदैवाने डॅशबोर्डवर ठेवलेले ध्वनिमुद्रण यंत्र चालू होते. म्हणून आमच्या लघुपटात आचके, काकांचे व्याख्यान, पाण्याचा चर्र आवाज आणि काकूंची ती दोन वाक्ये ऐकू येतात आणि पडद्यावर मात्र बोनेटवर वाळत घातलेला टॉवेलच दिसतो.

तीच गोष्ट मिस्त्रींची. या गाडीच्या वॉटर पंपाची बॉडी फुटली तेव्हा नवी कुठेच मिळेना, म्हणून मिस्त्रींनी जुन्या तुकड्यांवरून लाकडी पॅटर्न करून घेतला आणि उद्यमबाग या इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत ती ओतून आणली. ज्या गावात ओतकाम पिढ्यान्‌पिढ्या चालते, तिथल्या जुन्या गाडीत इटलीपेक्षा उद्यमबाग जास्त असते, हे काका सांगणार नाहीत. मिस्त्री तर काहीच सांगत नाहीत. ते इंजिनाच्या झडपा हलवणाऱ्या टॅपेटला कान लावतात, स्क्रू पाव फेरा फिरवतात आणि ‘साकु, साकु’ म्हणून मान वर करतात. त्या दोन कानडी शब्दांचे मराठी उपशीर्षक द्यावे का, यावर आमच्यात वाद झाला होता. मी ते दिले नाही. निदान या सभागृहात तरी त्याची गरज पडू नये.

शेजारच्या सीटवर दर वेळी माणूसच असते असेही नाही. कधी कधी तिथे आर.सी. बुक असते. काकांच्या वडिलांनी गाडी घेतली तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ती पडवीत उभ्या उभ्या म्हैसूर राज्यात गेली आणि १ नोव्हेंबर १९७३ रोजी त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. १ नोव्हेंबर म्हटल्यावर इथे मी अधिक काही बोलण्याची गरज नाही. लघुपटात मी निवेदन घातलेले नाही. बुकाची पाने फक्त उलटली आहेत. पन्नास वर्षांवरील गाड्यांना २०२१च्या नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेत व्हिंटेज नोंदणी मिळते, पण तशी नोंदलेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. काकांनी ती केलेली नाही, कारण मग भाजी आणायला रिक्षा करावी लागेल.

आता एक तक्रार, आणि ती मी थोडक्यात करीन असे अध्यक्षांना सांगून ठेवले होते. एका महोत्सवाच्या निवड समितीने हा लघुपट परत पाठवताना कळवले, की गाडी कमी दिसते, घरगुती प्रसंग जास्त आहेत आणि ड्रोनने घेतलेले एकही दृश्य नाही. ड्रोन गाडीला जिथून पाहतो तिथून तिच्या मालकाने तिला जन्मात पाहिलेले नसते. तो तिला पाहतो तो बोनेटखाली वाकून, नाहीतर उन्हात पाठीवर पडून, तेलाचा थेंब कपाळावर घेत. ज्या उंचीवरून टॉवेल दिसत नाही ती उंची माझ्या काय कामाची, असे उत्तर मी लिहिले होते. घरच्यांनी ते पाठवू दिले नाही.

मला पाच मिनिटांची चिठ्ठी आली आहे, म्हणजे बहुधा तीन उरली आहेत. तेव्हा ते चार मुद्दे.

ध्वनी आधी. १९७६ साली क्लोद लेलूश या फ्रेंच दिग्दर्शकाने पहाटेच्या पॅरिसमधून भरधाव गाडीचा सुमारे आठ मिनिटांचा लघुपट केला. गाडी मर्सिडीज होती, आवाज मात्र फेरारीचा चढवलेला होता, आणि प्रेक्षकांनी आवाजावरच विश्वास ठेवला. म्हणून बोनेटखालचा आवाज वेगळा घ्या, सायलेन्सरचा वेगळा घ्या आणि थंड गाडीला चोक ओढून सेल्फ मारल्याचा आवाज पहिल्याच सकाळी घ्या, कारण गरम झालेली गाडी तसा आवाज पुन्हा दिवसभर करीत नाही.

चित्रणात दोन गोष्टी. काचेसाठी पोलरायझर, म्हणजे चमक गाळणारा फिल्टर, लेन्सवर लावा; क्रोमवर त्याचा फारसा उपयोग होत नाही आणि तिथे तुम्ही स्वतः दिसता, तेव्हा काळा शर्ट घाला. मुलाखत खुर्चीवर बसवून न घेता चालत्या गाडीत घ्या. डोळे रस्त्यावर असले की माणूस पाठ केलेले विसरतो.

संकलनात, जे वाक्य मालकाने दोनदा सारखेच म्हटले असेल ते दोन्ही वेळा कापा, आणि लांबी दहा मिनिटांच्या आत ठेवा. शेवटाविषयी बरेच बोलायचे होते. गाडीला सूर्यास्तात पाठवू नका एवढेच तूर्तास म्हणतो. माझा लघुपट सहा मिनिटांचा आहे आणि तो आता लावत आहेत. व्यवस्थापकांना विनंती, की दिवे राहिले तरी चालतील, पण पंखे बंद करा. टॅपेटचा आवाज फार बारीक आहे.