थोडा माल आणि थोडाच माल

नमस्कार श्रोतेहो.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. निफाड तालुक्यातल्या एका द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये मी इंग्रजी पत्रव्यवहार बघायचे. मार्च संपत आला होता, हंगाम उताराला लागला होता. कोल्ड स्टोरेजमध्ये थॉमसन जातीच्या द्राक्षांचे सहाशे बॉक्स उरले होते. पाच-पाच किलोचे बॉक्स, आत अर्ध्या किलोचे दहा-दहा पनेट, म्हणजे छोटे डबे. आमच्या मालकांना सगळे नाना म्हणायचे. नाना म्हणाले, "ताई, हॉलंडच्या पार्टीला कळवा, थोडा माल आहे म्हणावं, घेता का?"

मी लगेच मेल टाकला. 'वी हॅव लिटल स्टॉक लेफ्ट.'

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, अगदी सभ्य. वेळेवर कळवल्याबद्दल आभार, आम्ही दुसरीकडून सोय बघतो. नाना माझ्याकडे बघतच राहिले. "अहो ताई, माल आहे म्हणूनच सांगितलं ना आपण?"

आपण नेमकं उलटं सांगितलं होतं. 'अ लिटल स्टॉक' म्हणजे थोडासा माल आहे. त्यातला 'अ' गेला, नुसतं 'लिटल स्टॉक' राहिलं, की अर्थ होतो माल जवळजवळ संपलाच, फारसं काही उरलेलं नाही. तो बिचारा हॉलंडवाला शहाण्यासारखा वागला. आमचे सहाशे बॉक्स शेवटी इथल्याच बाजारात गेले. भावात किती फटका बसला ते नानांनी मला कधी बोलून दाखवलं नाही. म्हणूनच बहुधा तो माझ्या अजून लक्षात आहे.

पुढे मी ती नोकरी सोडून शिकवायला लागले. इतकी वर्षं पंचवटीत संध्याकाळचे इंग्रजीचे वर्ग घेतेय, आणि दर वर्षी कोणी ना कोणी हाच 'अ' गिळतो. पोरांना मी दोष देत नाही. तो 'अ' उच्चारात इतका पुसट असतो, की आपल्या कानाला तो शब्द वाटतच नाही. बोलणाऱ्याने श्वास घेतला असावा असं वाटतं. 'फ्यू' आणि 'अ फ्यू', 'लिटल' आणि 'अ लिटल'. 'फ्यू' मोजायच्या वस्तूंना, 'लिटल' न मोजायच्या वस्तूंना, एवढं शाळेत सगळ्यांना पाठ असतं. अडतं ते या 'अ'पाशी.

खरं तर हे आपल्याला अवघड जायला नको. मराठीत हाच खेळ आपण दिवसभर खेळतो, फक्त शब्दाच्या आधी काही लावण्याऐवजी नंतर लावतो. 'लग्नाला थोडेसे लोक आले' आणि 'लग्नाला थोडेच लोक आले'. माणसं दोन्हीकडे चाळीसच असतील. पण पहिल्या वाक्यात जेवणाची पानं वाढताहेत, दुसऱ्यात मुलीचा बाप दाराकडे बघतोय. तो एक 'च' काय काम करतो बघा. 'फ्यू' म्हणजे आपलं 'थोडेच', 'अ फ्यू' म्हणजे 'थोडेसे' किंवा 'काही'. 'फ्यू'चं आणखी चांगलं मराठी करायचं तर वाक्यच नकारी करावं: 'फारसं कोणी आलं नाही.' मी मुलांना सांगते, मनात 'फारसं नाही' असेल तर 'अ' घालायचा नाही, मनात 'आहे की थोडं' असेल तर 'अ' विसरायचा नाही.

इथे शाळेतल्या एका शिकवणीशी माझं भांडण आहे. बरेच जण शिकवतात की 'फ्यू' आणि 'लिटल' म्हणजे वाईट अर्थ आणि 'अ' लावला की चांगला अर्थ. ऐकायला सोपं आहे, पण फसवं आहे. द्राक्ष बागायतदाराला विचारा. फेब्रुवारीत मणी साखरेवर आलेत, घड उतरवायला आठ दिवस आहेत, आणि पाऊस आला. 'देअर वॉज लिटल रेन', म्हणजे पाऊस फारसा झालाच नाही. हा शेतकरी देवापुढे नारळ फोडेल. आणि 'देअर वॉज अ लिटल रेन', म्हणजे थोडा का होईना, झाला. याची झोप उडाली, कारण तेवढ्यानेही मण्यांना तडे जातात. तेव्हा बातमी चांगली की वाईट ते ऐकणाऱ्याच्या बागेवर अवलंबून. व्याकरण एवढंच सांगतं की बोलणारा असलेल्याकडे बघतोय की नसलेल्याकडे. वहीवर 'फ्यू मिस्टेक्स' असा शेरा आला तर ती शाबासकी आहे, चुका जवळपास नाहीतच. 'अ फ्यू मिस्टेक्स' आलं तर वही पुन्हा उघडावी लागेल.

याच कुटुंबातले दोन-तीन नातेवाईक आहेत, ते धांदल उडवतात. 'ओन्ली अ फ्यू' मध्ये 'अ' असूनही अर्थ 'थोडेच' होतो, कारण तिथे 'च'चं काम 'ओन्ली' करतो. 'क्वाइट अ फ्यू' तर सरळ पलटी मारतं. त्याचा अर्थ 'बरेच'. आपणही एखाद्याच्या जमिनीविषयी 'तशी थोडीफार आहे' म्हणतो आणि डोळे मिचकावतो, त्यातलाच प्रकार. 'व्हेरी फ्यू' चालतं, 'व्हेरी अ फ्यू' अजिबात नाही.

आता 'मेनी' आणि 'मच'. नियम तोच, मोजता येतं त्याला 'मेनी', येत नाही त्याला 'मच'. पण मोजता येतं म्हणजे काय, हे प्रत्येक भाषा आपापलं ठरवते, आणि मराठीने जे ठरवलंय ते इंग्रजीने ठरवलेलं नाही. आपण तांदूळ निवडले म्हणतो, अनेकवचन. तेच तांदूळ शिजले की भात झाला, एकवचन. इंग्रजीला दोन्ही 'राइस', आणि दोन्ही वेळा न मोजता येणारा. गहू आपण दळून आणले म्हणतो, इंग्रजीत 'व्हीट' एकवचनीच. पोहे भिजले पण साबुदाणा भिजला, हे आपल्याला कोणी शिकवलं? इंग्रज तरी कुठे तर्काने चालतात, त्यांच्याकडे 'व्हीट' एक आणि 'ओट्स' अनेक. धान्याच्या पोत्याकडे बघून हा निकाल लागत नाही, तो ज्या त्या भाषेच्या सवयीने लागतो.

केसांचं उदाहरण मला फार आवडतं. आपले केस गळतात, पांढरे होतात, सगळं अनेकवचनात. इंग्रजीत डोक्यावरचे सगळे मिळून 'हेअर', एकवचन, 'मच हेअर'. पण मिसळीच्या रश्श्यात एक सापडला की तो 'अ हेअर', तिथे लगेच मोजायला लागतात. अर्थात तिथे कोणीही मोजेल.

उलट काही ठिकाणी मराठी कान आपल्याला वाचवू शकतो, पण आपण त्याचं ऐकत नाही. 'इन्फर्मेशन्स', 'फर्निचर्स', 'लगेजेस' असे शब्द अर्जांत, जाहिरातींत, दुकानांच्या पाट्यांवर सर्रास दिसतात. मराठीत 'माहित्या' कोणी म्हणतं का? 'सामानं' म्हणतं का? फर्निचर तर आपण उसनं घेऊनही एकवचनीच ठेवलंय. इंग्रजी लिहिताना मात्र शेवटी 'स' लावला की रुबाब येतो असं वाटतं. 'ॲडव्हाइस'च्या बाबतीत कान दगा देतो, कारण आपल्याकडे सल्ले एकापेक्षा जास्त असतात, आणि न मागताच येतात. इंग्रजीत ते 'मच ॲडव्हाइस'.

आता पैसे. नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात. सारं मोजणीचंच काम. तरीसुद्धा इंग्रजीत 'मनी' मोजता येत नाही. नोटा मोजता येतात, रुपये मोजता येतात, नाणी मोजता येतात, 'हाऊ मेनी नोट्स', 'हाऊ मेनी रुपीज'. पण 'हाऊ मच मनी'. मराठीत 'पैसे' अनेकवचनी असल्याने आपली जीभ 'मेनी मनी'कडे घसरते.

नोट मनीला मोजण्याजोगं करते, तेच काम क्युसेक हे माप पाण्यासाठी करतं. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिककरांचे दोन प्रश्न असतात. पहिला, गोदावरीला किती पाणी आलं? त्याचं उत्तर रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती देतो. पाणी त्या मूर्तीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, यावर आपण पुराचा अंदाज बांधतो. हा झाला 'हाऊ मच वॉटर'. दुसरा प्रश्न, किती क्युसेकने सोडलं? हा 'हाऊ मेनी क्युसेक्स', कारण क्युसेक हे माप आहे, सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण २८ लिटर. मराठीत दोन्हीकडे 'किती'च. या 'किती'मुळेच आपण गाफील राहतो. इंग्रजी बोलताना 'किती'च्या पुढचा शब्द आधी मनात आणावा. पाणी आलं तर 'मच', क्युसेक आले तर 'मेनी', पीठ आलं तर 'मच', किलो आले तर 'मेनी'.

जाता जाता, साध्या होकारी वाक्यात नुसता 'मच' फार पुस्तकी वाटतो. 'आय हॅव मच वर्क' असं कोणी बोलत नाही, 'अ लॉट ऑफ वर्क' म्हणतात. आणि 'टू मच', 'टू मेनी' म्हणजे खूप नव्हे, जास्तच. 'वी हॅव टू मेनी ऑर्डर्स' असं अभिमानाने सांगायला गेलात तर समोरच्याला वाटेल, यांना काम झेपेना झालंय.

'लेस' आणि 'फ्यूअर'वरून तर खुद्द इंग्रज एकमेकांशी भांडतात. पुस्तकी नियम असा की मोजता येणाऱ्या वस्तूंना 'फ्यूअर', बाकीच्यांना 'लेस'. विरळणी केली की घडात मणी कमी राहतात, ते 'फ्यूअर बेरीज'. साखर कमी भरली, ती 'लेस शुगर'. ब्रिटनमधल्या टेस्को दुकानांत झटपट बिलाच्या खिडकीवर '१० आयटम्स ऑर लेस' अशी पाटी असायची. त्यावर भाषाप्रेमींनी इतकी वर्षं नाकं मुरडली की २००८ साली कंपनीने 'अप टू १० आयटम्स' अशी पाटी करून वादच मिटवला. गंमत म्हणजे हा नियम काही आभाळातून पडलेला नाही. नवव्या शतकातल्या राजा आल्फ्रेडच्या लिखाणातही मोजण्याजोग्या गोष्टींना 'लेस' सापडतो. १७७० साली रॉबर्ट बेकर नावाच्या गृहस्थाने लिहिलं, की संख्येविषयी बोलताना आपल्याला 'नो लेस दॅन अ हंड्रेड'पेक्षा 'नो फ्यूअर दॅन अ हंड्रेड' जास्त नेटकं वाटतं. एका माणसाची आवड, पुढे तिचा नियम झाला. तरी परीक्षेत आणि अर्जात तो पाळा, असंच मी सांगते. एक सूट मात्र लक्षात ठेवा: अंतर, वेळ आणि रक्कम हे एकच ढीग मानले जातात. नाशिकहून मुंबई दोनशे किलोमीटरच्या आत, ते 'लेस दॅन टू हंड्रेड किलोमीटर्स'. तिथे 'फ्यूअर' घालून शहाणपणा करू नये.

'अमाउंट' आणि 'नंबर'चंही तसंच. २०१५च्या सिंहस्थानंतर माझ्या वर्गातल्या अर्ध्या निबंधांत 'लार्ज अमाउंट ऑफ पीपल' होतं. जणू भाविकांना टेम्पोत भरून वजनकाट्यावर घातलं होतं. माणसांचा 'नंबर', पाण्याचा 'अमाउंट'. त्यातही 'अ नंबर ऑफ ट्रेन्स' म्हणजे बऱ्याच गाड्या, पुढे 'आर'. 'द नंबर ऑफ ट्रेन्स' म्हणजे गाड्यांची संख्या, पुढे 'इज'. इथेही सगळा फरक त्या चिमुकल्या 'अ' आणि 'द'चाच.

आणि 'द' वरून नानांची पुढची गोष्ट सांगायची राहिली. त्या फजितीनंतर दोन हंगाम गेले. हॉलंडची तीच पार्टी पुन्हा जोडली गेली होती. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा मेल आला, 'वी विल टेक द फ्यू पॅलेट्स यू हॅव लेफ्ट.' नाना माझ्या खांद्यावरून वाचत होते. "म्हणजे थोडेच पॅलेट घेणार? मग बाकीच्यांचं काय करायचं?"

मी म्हणाले, "नाना, 'द फ्यू' आहे. होते नव्हते तेवढे सगळे."

नानांनी एकदा स्क्रीनकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाले, "बरोबरच असेल तुमचं. पण ताई, एक फोन लावाच त्यांना."