‘हे खरे आहे काय?’ : उमेदवाराचं शिक्षणाबद्दलचं मत कागदांत शोधताना

नमस्कार. आयोजकांनी मला विषय दिला होता ‘जागरूक मतदार आणि शिक्षण’. तो मी जरा कापून लहान केलाय. विधानसभेला उभ्या असलेल्या माणसाला शाळेबद्दल खरोखर काय वाटतं, हे त्याला न विचारता कसं शोधायचं, एवढ्यावरच बोलतो. विचारायला हरकत नाही, पण प्रचारात ‘दर्जेदार शिक्षण’ नको म्हणणारा उमेदवार मला तरी अजून भेटलेला नाही.

सगळ्यात सहज मिळणारा कागद म्हणजे प्रतिज्ञापत्र, नमुना २६. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ सालच्या निकालांमुळे उमेदवाराला गुन्हे, मालमत्ता आणि स्वतःचं शिक्षण लिहून द्यावं लागतं, आणि निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते कुणालाही वाचता येतं. लोक हा कागद उघडतात, शिक्षणाचा रकाना बघतात, ‘अरे, हा तर दहावी!’ म्हणून हसतात आणि बंद करतात. त्या रकान्यातून धोरणाबद्दल काहीही कळत नाही. फारसं शालेय शिक्षण न झालेल्या वसंतदादा पाटलांनी मुख्यमंत्री असताना १९८३ साली विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडून दिलं. राज्याच्या उच्च शिक्षणाचा नकाशाच त्या निर्णयाने बदलला. बरा की वाईट, यावर आपण इथेच भांडत बसू शकतो. पण त्यांची पदवी बघून हा निर्णय कुणाला आधी ओळखता आला असता का?

मग कुणी म्हणेल, सभागृहात मत कसं दिलं ते बघू. इथे निराशा होते. आपल्याकडे बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात, म्हणजे ‘होय’ कुणाचं आणि ‘नाही’ कुणाचं, याची नोंदच राहत नाही. आणि मोजून मतदान झालं तरी १९८५ सालच्या पक्षांतरबंदीच्या तरतुदीनंतर पक्षादेश मोडणाऱ्याची आमदारकीच धोक्यात येते. तेव्हा ते मत पक्षाचं असतं. माणूस शोधायचा तर प्रश्नांत शोधावा लागतो.

विधिमंडळातल्या तारांकित प्रश्नांच्या, म्हणजे ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात त्या प्रश्नांच्या, याद्या तुम्ही कधी वाचल्यात का? त्यांची भाषा एकदा कानात बसली की विसरता येत नाही. ‘अमुक तालुक्यातील जिल्हा परिषद शाळेच्या वर्गखोल्या मोडकळीस आल्या असल्याचे निदर्शनास आले आहे, हे खरे आहे काय, असल्यास, याबाबत शासनाने चौकशी केली आहे काय, असल्यास, चौकशीत काय आढळून आले व तद्‌नुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ आणि उत्तर येतं : ‘अंशतः खरे आहे.’ शेवटच्या भागाला ‘प्रश्न उद्भवत नाही.’ छप्पर गळतंय, पण प्रश्न उद्भवत नाही! हा साचा आहे, त्यामुळे शब्दांवरून आमदाराचं मत काढायला जाऊ नका.

मी दोन गोष्टी बघतो. एक, नाव कितव्या क्रमांकावर आहे. एकेका प्रश्नाखाली पाच-सहा, कधी त्याहून जास्त आमदारांची नावं असतात. ‘इतके प्रश्न विचारले’ म्हणून कार्यअहवालात छापलेला आकडा अशा सामुदायिक नावांवर फुगतो. दुसरी गोष्ट उपप्रश्नाची. प्रश्नोत्तरांचा तास एकच असतो, यादीतले थोडेच प्रश्न पुकारले जातात. पण पुकारला गेला, मंत्र्यांनी छापील उत्तर दिलं, आणि मग हा माणूस उठून पुढचं काय विचारतो, ते कार्यवाहीच्या अहवालात शब्दशः असतं. मूळ प्रश्न कुणी लिहून दिलेला असू शकतो. शिक्षक संघटना देतात, संस्थाचालक देतात, कधी पत्रकारही देतात, आणि त्यात गैर काहीच नाही. उपप्रश्न मात्र ज्याचा त्यालाच सुचावा लागतो. खोल्या किती पडल्या, एवढ्यावर जो थांबला तो वेगळा; पडलेल्या खोल्यांतली मुलं सध्या कुठे बसतात, हे ज्याने विचारलं तो वेगळा.

इथे माझी फजिती सांगतो. एका आमदारांवर मी लेख लिहिला, शाळांचे प्रश्न तळमळीने मांडतात वगैरे. छापून आल्यावर एका वाचकाचा फोन आला, ‘सर, हे आमचे नव्हेत. त्याच नावाचे दुसरे.’ प्रत्येक नावापुढे कंसात मतदारसंघ छापलेला असतो आणि मी तो पाहिलाच नव्हता. तेव्हापासून वहीत आधी मतदारसंघ लिहितो, मग नाव. आणखी एक : मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. त्यामुळे मंत्रिपदाच्या काळात प्रश्न शून्य दिसले म्हणून त्याला मुका ठरवू नका, त्याच्या खात्याचे शासन निर्णय वाचा.

प्रश्न गोळा झाले की मी त्यांचे दोन ढीग करतो. पगार, अनुदानाचा टप्पा, बदल्या, शालार्थ (शिक्षकांच्या पगाराची ऑनलाइन प्रणाली) हे एकीकडे. वर्गखोल्या, पट, पोषण आहार, मुलींची ये-जा हे दुसरीकडे. २००९ साली ‘कायम विनाअनुदानित’मधला, म्हणजे कधीच अनुदान मागायचं नाही या अटीवर परवानगी मिळालेल्या शाळांच्या नावातला, ‘कायम’ निघाला, आणि त्यानंतर पहिल्या ढिगात किती कागद पडलेत ते बघाच. ते प्रश्न खोटे नाहीत, वर्षानुवर्षं पगाराविना राबलेली माणसं मी पाहिली आहेत. पण शिक्षकाला मत आहे, संघटना आहे, विधान परिषदेत शिक्षकांचे सात मतदारसंघ आहेत. तिथेही मतदार माध्यमिक आणि त्यावरचेच. प्राथमिक शाळेतल्या गुरुजींना ते मत नाही. चौथीतल्या पोराला तर कुठलंच मत नाही. म्हणून ज्याचा दुसरा ढीग जाड, त्याच्याकडे मी जरा जास्त वेळ बघतो. हा माझा कल आहे, तुमचा वेगळा असेल.

आता तारखा. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय आला, जूनमध्ये सुधारून आला आणि २९ जूनला, अधिवेशनाच्या आदल्या दिवशी, मागे घेतला गेला. त्यावर सगळेच बोलले. गाजलेल्या विषयावर बोलायला धाडस लागत नाही. त्याऐवजी ९ फेब्रुवारी २०२४ ची अधिसूचना घ्या. शिक्षण हक्क कायद्यात खाजगी शाळांतल्या २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी आहेत. या अधिसूचनेने सांगितलं की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खाजगी विनाअनुदानित शाळेला त्यातून सूट. उच्च न्यायालयाने मे महिन्यात स्थगिती दिली आणि १९ जुलैला अधिसूचनाच रद्द केली. या काळात विधिमंडळाची दोन नियमित अधिवेशनं झाली. तुमचा उमेदवार तेव्हा आमदार असेल तर एवढंच काढा : त्या दोन अधिवेशनांत तो या विषयावर बोलला का? निकाल लागल्यावर स्वागत करणारे पुष्कळ. १९ जुलैच्या आधीची तारीख शोधा.

आणि जो बोलला नाही, तो का बोलला नाही? इथे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे वळावं लागतं. आपल्याकडे ‘शिक्षणसम्राट’ हा शब्द उगाच रुळलेला नाही. शिक्षणसंस्था तिथे नोंदलेली असते, विश्वस्त कोण ते परिशिष्टात असतं, विश्वस्त बदलले की चेंज रिपोर्ट दाखल होतो. प्रतिज्ञापत्रातल्या मालमत्तेत संस्थेच्या इमारती दिसत नाहीत, कारण कायद्याने त्या त्याच्या नाहीतच, विश्वस्त संस्थेच्या आहेत. संस्था असणं हा दोष नव्हे. गावात हायस्कूल कुणीतरी काढलं म्हणूनच आपल्यातले अनेक शिकले. फक्त २५ टक्के जागांबद्दल बोलणारा माणूस टेबलाच्या कुठल्या बाजूला बसतो, हे माहीत असावं.

आमदार निधीचं थोडक्यात. कोणती कामं सुचवली याची यादी जिल्हा नियोजन कार्यालयात असते, माहिती अधिकारात मिळते. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट आणि दीडशे शब्द, महाराष्ट्रात तेवढीच मर्यादा आहे. एका अर्जात एकच विषय. यादीत सभामंडप किती आणि शाळेच्या खोल्या किती, हे मोजायला अर्धा तास पुरतो.

उरला नवखा उमेदवार, जो विधानसभेत कधी गेलाच नाही. बऱ्याचदा तो जिल्हा परिषदेतून आलेला असतो. २०२२ पासून बराच काळ बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक होते, त्यामुळे त्याआधीची इतिवृत्तं काढावी लागतात. मी एकदा असाच शिक्षण समितीच्या इतिवृत्तांची फाईल घेऊन बसलो होतो. एका सभेत चार शाळांच्या धोकादायक खोल्यांच्या निर्लेखनाचा, म्हणजे त्या नोंदीतून कमी करून पाडायचा, ठराव होता. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. सूचक म्हणजे आमचा उमेदवार. ठराव काय, रोज होतात. म्हणून पुढच्या सभा वाचत गेलो. दोन सभांत काही नाही. तिसऱ्या सभेत, ‘आयत्या वेळचे विषय’ या मथळ्याखाली एक ओळ सापडली : सदर सदस्यांनी विचारणा केली की, खोल्या पाडल्यानंतर मुलांना बसण्याची काय व्यवस्था केली आहे. मी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढली. झेरॉक्सवर हं, मूळ फाईलवर नाही.