नळी पिळणारा पंप आणि रक्त भिरकावणारा पंप

नमस्कार श्रोतेहो. छाती उघडून हृदयाची झडप बदलायची तर हृदय थांबवावं लागतं. तेवढा वेळ शरीरात रक्त फिरवतं ते हार्ट-लंग मशीन. त्याचा मुख्य पंप असतो दोनपैकी एका जातीचा, रोलर किंवा सेंट्रिफ्यूगल.

आधी रोलर. पेप्सीकोल्याची नळी आपण बोटांनी दाबत दाबत पुढे सरकवतो ना, तेच तत्त्व. घोड्याच्या नालेसारख्या खोबणीत प्लॅस्टिकची नळी आणि तिच्यावरून फिरणारे दोन रूळ. रक्त नळीतच राहतं, पंपाच्या धातूला शिवतही नाही.

या पंपाची गोष्ट सांगायलाच हवी. 1930 च्या दशकाची सुरुवात, अमेरिकेतलं न्यू ऑर्लिन्स. तेव्हा हॉस्पिटलात रक्तपेढी नव्हती. रक्तदाता रुग्णाशेजारी झोपायचा आणि एकाचं रक्त थेट दुसऱ्याला द्यायचं. (आज पिशवी तयार मिळते, म्हणून ती कुणीतरी भरून ठेवलेली असते हे आपण विसरतो. शिबिराची वाट न बघता पेढीत जाऊन रक्त द्यावं.) टुलेन विद्यापीठातल्या मायकेल डबेकी या विशीतल्या तरुणाने त्यासाठी रूळवाला पंप हाती घेतला. कल्पना जुनीच होती, पण अडचण एक होती: रूळ फिरला की त्याच्याबरोबर नळीही पुढे ओढली जायची. डबेकीने नळीलाच लांबीभर रबराची कड ठेवली आणि ती कड पक्की अडकवली. नळी जागची हलेना! 1934 साली त्याने हा पंप प्रसिद्ध केला, तो रक्त देण्यासाठी. हृदयाच्या ऑपरेशनसाठी नव्हे. पुढे फिलाडेल्फियात जॉन गिबन हार्ट-लंग मशीन बनवत होते, त्यांनी याच धर्तीचे रोलर पंप बसवले. 6 मे 1953 ला अठरा वर्षांच्या एका मुलीच्या हृदयाच्या पडद्यातलं भोक त्यांनी शिवलं. 26 मिनिटं तिचं रक्ताभिसरण पूर्णपणे मशीनवर होतं. मुलगी वाचली. खुद्द डबेकींची महाधमनी 2005 च्या अखेरीस आतून फाटली, तेव्हा त्यांचं वय होतं 97. जे ऑपरेशन त्यांनीच रूढ केलं होतं, तेच त्यांच्यावर झालं, आणि तेही वाचले.

आजही नळी दोन्ही टोकांना चिमट्यात घट्ट धरावी लागते. रूळ नळीला किती दाबतो, तेही आधी बघायचं. पंप थांबवून पुढच्या नळीत सुमारे 75 सेंटीमीटर उंच सलाईनचा स्तंभ उभा करायचा. तो मिनिटाला दोन-अडीच सेंटीमीटर उतरला पाहिजे. दाब जास्त झाला तर रक्तपेशी फुटतात. कमी झाला तर रक्त मागे गळतं आणि मशीनच्या पडद्यावरचा प्रवाहाचा आकडा खोटा ठरतो. अर्धा इंची नळीत एका फेऱ्यात साधारण 45 मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे मिनिटाला 4 लिटरसाठी 90 फेरे.

लक्षात ठेवा, रोलर जितका फिरेल तितकं ढकलणार. पुढे वाट असो वा नसो, ढकलणारच. नळीला चिमटा लागला तर जोड निसटतो किंवा नळी फुटते. रुग्णाकडून आलेलं रक्त साठवणारी मागची टाकी रिकामी झाली तर तो हवाच रुग्णाकडे पाठवतो. म्हणून टाकीच्या पातळीचा, बुडबुड्यांचा आणि दाबाचा गजर चालू हवाच.

सेंट्रिफ्यूगल म्हणजे विहिरीवरच्या मोटारीचा भाऊ. चुंबकाने फिरणारा पंखा मिनिटाला दोन-तीन हजार फेरे घेऊन रक्त कडेला भिरकावतो. वाट बंद झाली तर तो जागीच फिरत राहतो, नळी फोडत नाही. खूप हवा शिरली तर मोटारीसारखाच ‘हवा धरतो’, म्हणजे रक्त ढकलणं बंद. बारीक बुडबुडे मात्र पुढे जातात. फेऱ्यांवरून प्रवाह कळत नाही, फ्लोमीटर लागतोच. एकदाच वापरायचा त्याचा कप महाग पडतो. छोट्या ऑपरेशनात रोलर पुरतो. हृदय-फुप्फुसांना आधार द्यायला दिवसेंदिवस चालणाऱ्या एक्मो मशीनला सेंट्रिफ्यूगलच बरा.

(हे सगळं सांभाळणाऱ्या परफ्युजनिस्टचं नाव नातेवाईक विचारतसुद्धा नाहीत. विचारावं.)

आणि सेंट्रिफ्यूगलचं एक शेवटी सांगतो, कारण चूक इथेच होते: तो थांबवताना आधी रुग्णाकडे जाणाऱ्या नळीला चिमटा, मग वेग कमी. उलट केलंत, तर रुग्णाचं रक्त त्याच नळीतून मशीनकडे परत येतं.